दोन बैलांचा सुळसुळाट

कोनाळवाडी, ता. देवणी
४ ऑगस्ट २०२४

चि. अक्षरा,

तुझ्या बहिऱ्या चुलत्याचा आशीर्वाद घे, न मग पुढं वाच.

परवा फोनवर तू काय बोललीस ते मला एक अक्षर कळलं न्हाई. मी आपला सगळ्याला हाव हाव म्हणत राहिलो. कानात ते यंत्र घातलं की दुकानातल्या तराजूचा खडखडाट तेवढा ऐकू येतोय, माणूस न्हाई. तवा आपलं पत्रच बरं. पोस्टमन हसून राहिला मला. म्हणतो, अप्पा, या गावात हातानं लिहिलेलं पाकीट तुमच्या घरीच येतंय न तुमच्याच घरनं जातंय.

तुझा पेपर रोज सकाळच्या गाडीनं येतो. त्यातलं कोणतं पान तू केलंस ते छापत न्हाईत, म्हणून मी जिल्ह्याचं पान पुरं वाचून काढतो, निधनवार्तेसकट. उदगीरचं येतं, जळकोटचं येतं, मुरुडच्या बाजाराचं येतं, आपल्या गावाचं नाव म्हणून कधी येत न्हाई. मी कुरकुर केली तर आमची ही, तुझी अव्वा, म्हणाली, गावात काही होतच न्हाई, पोरगी काय छापंल, तुमचं डोस्कं?

पण आता झालंय. आपल्या शंभू बैलाला सोबती मिळाला! कुठल्या गावचा पोळ हाय कुणास ठाऊक, तांबडा, एक शिंग जरा वाकडं. देवाला सोडलेला असंल, मांडीवर डाग हाय त्रिशूळाचा. अव्वानं त्याचं नाव पाव्हणा ठेवलं. सकाळी शंभू दारात येऊन उभा राहिला की हा चार पावलं मागं थांबतोय, बोलावल्याशिवाय पुढं येत न्हाई. अव्वा शंभूला भाकर देते, न मग याला. शंभूच्या भाकरीचं तर तुला ठाऊकच हाय. मृत्युंजय गेला त्या सालचा तो गोऱ्हा. आपल्या लेकराच्या नावानं बसवण्णाला सोडला तवा कपाळाला ईभूत तूच लावली होतीस. तवापासून अव्वा पहिली भाकर त्याला दिल्याबगर चहासुदिक घेत न्हाई.

तर मंगळवारच्या बाजारात काय झालं, पाव्हण्यानं साखराबाईच्या कोथिंबिरीत तोंड घातलं. शंभू आपला वानेरा, अंग पांढरं, तोंड काळं, गावात कुणाला धक्का लावणार न्हाई. त्याला ते काही पटलं न्हाई. त्यानं पाव्हण्याला ढुशी दिली, त्यात कोथिंबीर, मेथी, साखराबाईचं छत्रं, समदं चिखलात. बाई अशी वरडली की मला बहिऱ्याला ऐकू आलं! मी दुकानातून गुळाचा खडा नेऊन दिला तवा गप झाली. लोकं लई हसले. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

अव्वा ठीक. गुडघा दुखतो म्हणते, पण म्हणतच राहते न फिरतच राहते.

तुझा,
अप्पा


नांदेड
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय अप्पा,

साष्टांग नमस्कार, आणि अव्वाच्या गुडघ्यालासुद्धा.

तुमचं पत्र मी डेस्कवर बसूनच वाचलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारचे शेषेराव सर म्हणाले, काय झालं? मी त्यांना कोथिंबिरीची सगळी गोष्ट सांगितली. तेही हसले. आणि तेवढ्यात पान लावणारा ओरडला की जिल्हा पानावर खाली दोन कॉलमची जागा रिकामी आहे, देवणीच्या बातमीदाराने आज काही पाठवलेलं नाही. शेषेराव सर म्हणाले, अगं, तुझ्याकडे आहे की देवणीची बातमी. टाक!

पाच मिनिटांत लिहिली, अप्पा. उद्याचा पेपर बघा. पान पाच, खालच्या बाजूला. गावाचं नाव मोठ्या टायपात आहे. आता म्हणू नका, पोरगी गावाला विसरली.

एवढंच लिहिते, आज रात्रपाळी आहे. शंभूच्या मानेखाली खाजवा माझ्या वतीने.

तुमची,
अक्षरा


कोनाळवाडी
१८ ऑगस्ट २०२४

चि. अक्षरा,

काय सांगू पोरी, गावात काय धमाल उडाली! पेपर आला तसा चंद्रप्पा सरपंच स्वतः घेऊन दुकानात आला. म्हणाला, अप्पा, गाव पेपरात आलं. कुणी लिहिलं ते मी सांगायच्या आधी समद्यांना ठाऊक! मी ते पान कापून तराजूच्या मागं चिकटवलंय. गिऱ्हाईक आलं की पहिलं ते वाचतंय, न मग तेल मागतंय.

'कोनाळवाडीत मोकाट वळूंचा सुळसुळाट, बाजारकरी हैराण.' मी आठ-दहा डाव वाचलं. लिहिलंस मस्त. पण एक इचारू का, तू शिकलेली हायस, मी आपला चौथी पास भुसारवाला. सुळसुळाट म्हणजे किती? उंदरं न् झुरळं असली की सुळसुळाट म्हणतेत हे मला ठाऊक हाय. गावात तर दोनच हायत. साखराबाई वाचून घेऊन म्हणाली, अप्पा, बाकीचे वळू कुठं दडून बसलेत? तिला वाटलं खरंच आणखी हायत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचं एकजण मला इचारून गेलं, तुमच्याकडं जायला रस्ता मोकळा हाय का? आता बोल!

ही तुमची सवयच दिसतेय. सोयाबीननं उसळी घेतली म्हणून छापता, न मी मार्केटला गेलो की भाव कालचाच. मी हसतोय हां, रागावलो न्हाई. गावाचं नाव आलं, तुझं नाव झालं, मला तेवढं लई हाय.

काल दुसऱ्या एका पेपरचा माणूस मोटारसायकलीवर आला होता. शंभूचा फोटो काढला. शंभू उभा राहिला, नवरदेवासारखा. अव्वाला आवडलं न्हाई. ती म्हणाली, नजर लागंल.

ती ठीक. तुला धपाटे पाठवायचे म्हणते, येणाऱ्या कुणाच्या तरी हातानं पाठवून देते.

तुझा,
अप्पा


नांदेड
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय अप्पा,

धपाटे मिळाले. अर्धे शेषेराव सरांनी खाल्ले.

सुळसुळाट म्हणजे किती ते मलाही कुणी शिकवलेलं नाही, खरं सांगते. डेस्कवर शब्द असे तयार पडलेले असतात, भाजीच्या टोपलीत मिरच्या असतात तसे. हात घातला की येतात. चोर वाढले की सुळसुळाट, डास वाढले की सुळसुळाट, बोगस बियाणं, खोटे बाबा, सगळ्यांचा सुळसुळाटच. आजार असेल तर थैमान, चोऱ्या लागोपाठ झाल्या तर सत्र, भाव असेल तर उसळी. 'कोनाळवाडीत दोन बैल आहेत' असं लिहिलं असतं तर ते पानात कशाला लागलं असतं, अप्पा? तुम्हीच सांगा. कोण वाचणार?

आणि ऐका, एक आनंदाची बातमी. आपल्या बातमीनंतर दोन पेपरांनी तेच उचललं. एकाने 'धुमाकूळ' म्हटलं, एकाने 'दहशत'. मग आमचे संपादक म्हणाले, बातमी आपण दिली आणि पाठपुरावा लोक करतात, हे चालणार नाही. म्हणून परवा मी आणखी एक दिली, 'वळूंचा सुळसुळाट कायम; प्रशासन सुस्त'. तुम्ही वाचली असेलच. नवीन असं काही नव्हतं त्यात, पण संपादक खूश झाले. आणि अप्पा, या महिन्यापासून जिल्हा पान माझ्याकडे! मी पानप्रमुख झाले. तीन वर्षं बाकीच्यांच्या बातम्यांत काना-मात्रा दुरुस्त करत होते, आता पान माझं. अव्वाला सांगा, मोठ्याने सांगा.

पोळ्याला यायची फार इच्छा होती, पण पान नवीन, सुट्टी मागायला जीभ रेटत नाही. शंभूला माझ्याकडून झूल घाला. ती लाल, आरशांची.

तुमची,
अक्षरा


कोनाळवाडी
८ सप्टेंबर २०२४

चि. अक्षरा,

आशीर्वाद. पत्र मिळालं. पानप्रमुख झालीस, लई चांगलं झालं.

पोळ्याला पावसानं झोडपून काढलं. मिरवणूक निघालीच न्हाई. मी कामानं बाहेरगावी होतो, भिजलो, म्हणून दोन-चार दिस ताप आला. आता बरा हाय. दुकान चालू हाय.

पेपर येतो. वाचतो.

बाकी ठीक.

अप्पा


नांदेड
२० सप्टेंबर २०२४

प्रिय अप्पा,

हे काय पत्र? पोस्टकार्डावरसुद्धा याच्यापेक्षा जास्त मावतं! ताप अजून अंगात आहे का? आणि अव्वाचं एक अक्षर नाही. दरवेळी तुमच्या पत्राच्या शेवटी ती असते. गुडघा, धपाटे, काहीतरी. ती आजारी आहे आणि तुम्ही लपवताय, असं मला वाटायला लागलंय. की माझ्यावर रागावली, पोळ्याला आले नाही म्हणून? तिला सांगा, दिवाळीला नक्की येते. लाल झूल मी स्वतः धुऊन देईन.

मिरवणूक नाही निघाली तरी शिंगं तर रंगवली असतील ना शंभूची? कोणता रंग दिला? मागच्या वर्षी अव्वाने हिंगूळच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता.

आणि गावातले मोकाट वळू पकडून नेले म्हणे. बातमीदाराने कळवलं, मी महिन्याच्या सुरुवातीलाच लावली ती बातमी. 'वृत्ताचा दणका! कोनाळवाडीतील वळू जेरबंद'. संपादकांनी पेढे मागवले डेस्कवर. बिचाऱ्या पाव्हण्याचं मात्र वाईट वाटलं. चार पावलं मागे थांबायचा ना तो? पण कुठल्यातरी गोशाळेत नेलंय म्हणे, तिथे वैरण मिळेल. शंभूला चुकल्याचुकल्यासारखं होत असेल आता.

तुम्ही लांबलचक पत्र लिहा. नाहीतर मी तिथे येऊन बसेन.

तुमची,
अक्षरा


कोनाळवाडी
३ आक्टोबर

अक्षरा,

मी अव्वा. मी लिवून ऱ्हायले. हात वळत न्हाई, चुकलं तर चुकलं.

तुजं पत्र आलं तवा अप्पा शेतात व्हते. मी फोडलं. मला वाचाया येतंय हे तुमी समदे इसरता.

तू इचारलंस शिंगाला कोन्ता रंग दिला. शिंगंच न्हाईत तर रंग कुटं देऊ बाई. पाव्हण्याला न्हाई नेलं. त्यो त्यांच्या हातून सुटून उसात पळाला. शंभूला नेलं. त्यो पळला न्हाई. त्याला कदी कुनी दोरी लावली न्हवती, त्याला वाटलं लाडानं लावतेत. माज्या दारात उभा व्हता, भाकरीला आल्ता. मी भाकर थापत व्हते. भायेर आले तवा चार मानसं त्याला टेम्पोत चडवीत व्हती. पाय मागं फसला. हाड मोडल्याचा आवाज झाला. मी तवा हातात भाकर घिऊन उभी.

त्याच्या आधी पंचायतीत सभा झाली. वरून इचारना आली व्हती, तुज्या दुसऱ्या बातमीनं. चंद्रप्पानं समद्यांपुडं पेपर धरला. त्यो म्हनाला, अप्पा, वळू तर एकच मोकाट हाय, शंभू तर देवाचा हाय. तुमी फकस्त सांगा की ही बातमी चुकीची हाय, मी वर तसं लिवून देतो, शंभूला कुनी हात लावनार न्हाई. समदं गाव तयार व्हतं. साखराबाई पन म्हनाली, माजी कोथमीर गेली तर गेली, शंभू ऱ्हाऊ द्या.

तुजा अप्पा उटला न म्हनाला, माज्या पोरीनं लिवलंय ते खरं हाय.

मला हे बायकांनी सांगितलं. त्येनी न्हाई.

गोशाळेत न्हेला त्याला, लांब हाय, दोन गाड्या बदलाव्या लागतेत. अप्पा एक दिसाआड भाकर घिऊन जायचे. तिथली मानसं चांगली, त्येनी डाक्टर आनला. पन शंभूनं काई खाल्लं न्हाई. वास घ्यायचा न मान फिरवायचा. पोळ्याच्या दिशी गेला. अप्पा तिथंच व्हते, पावसात. आपल्या मानसाला पुरतो तसं पुरलं. ईभूत लावली, बेलपान ठिवलं. म्हून ताप आला.

मी त्येच्याशी बोलत न्हाई. तुज्याशी पन बोलनार न्हवते. पन तू रंग इचारलास. म्हून लिवलं.

आमच्या मृत्युंजयाच्या नावानं न्हाऊ-माखू घातल्यालं तेवडंच एक दारात येत व्हतं.

मल्लम्मा


नांदेड
१४ ऑक्टोबर २०२४

अव्वा, अप्पा,

तुम्हा दोघांना एकच पत्र लिहितेय. फाडून टाकलंत तरी चालेल.

तुझं पत्र आलं, अव्वा, तेव्हा मी पान लावत होते. त्या दिवशी पान कुणी पूर्ण केलं मला माहीत नाही. मी तशीच उठून बसस्थानकावर गेले, उदगीरची गाडी धरली आणि तिथून विचारत विचारत त्या गोशाळेत पोहोचले. त्यांनी जागा दाखवली. बांधाच्या कडेला आहे, वर गवत आलंय. तिथला म्हातारा म्हणाला, एक बहिरे आजोबा यायचे, बैलाशी बोलत बसायचे, बैल ऐकायचा आणि त्यांना वाटायचं आपण हळू बोलतोय. सगळ्या गोठ्याला ऐकू जायचं. काय बोलायचे ते मी त्याला विचारलं नाही.

तुमच्या दाराशी यायची हिंमत झाली नाही. उदगीरपर्यंत येऊन परत फिरले.

मला एकच म्हणायचंय, आणि ते म्हणून काही उपयोग नाही हे मला कळतं. ती बातमी लिहिताना शंभू माझ्या डोक्यातच नव्हता. वळू लिहिलं, मोकाट लिहिलं, पण शंभू कधी वळू होता का माझ्यासाठी? तो शंभू होता. दोन बैल आहेत हे मला माहीत होतं, त्यातला एक आपला हेही माहीत होतं, आणि तरी शब्द लिहून झाला तेव्हा गावात कुठूनसे पन्नास वळू आल्यासारखे झाले आणि त्या पन्नासांत शंभू कुठे दिसलाच नाही मला. मी हाताने ईभूत लावलेला बैल, अप्पा! आणि ते तुमचं पत्र होतं. तुम्ही मला हसवायला लिहिलं होतं. मी ते जागा भरायला वापरलं.

मी संपादकांकडे गेले. म्हटलं, दुरुस्ती छापायची आहे. ते म्हणाले, मंत्र्याचं नाव चुकलं तर दुरुस्ती छापतात, बैलांची संख्या चुकली म्हणून कोण छापतं, लोक हसतील. मी पुन्हा पुन्हा गेले. शेवटी पान माझंच होतं, म्हणून मी न विचारता लावली. निधनवार्तेच्या खाली, कारण अप्पा तिथपर्यंत वाचतात. कात्रण सोबत ठेवलंय: 'कोनाळवाडी येथे मोकाट वळूंचा सुळसुळाट असल्याचे वृत्त या पानावर आले होते. गावात दोनच वळू होते. त्यापैकी शंभू हा देवाला सोडलेला होता, मोकाट नव्हता, आणि त्याने कुणालाही इजा केली नव्हती.'

पान आता माझ्याकडे नाही. राशिभविष्य आणि बाजारभाव बघते. ते योग्यच झालं. परवा एकाची बातमी माझ्या हाताखालून गेली, 'शहरात डासांचा सुळसुळाट'. मी त्याला विचारलं, किती? तो म्हणाला, डास मोजू का मॅडम? सगळे हसले. मीही हसले असते, दोन महिन्यांपूर्वी.

अप्पा, फक्त एक सांगा. चंद्रप्पांनी विचारलं तेव्हा खोटं आहे म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? ते खोटंच होतं. तुम्ही मला आधीच विचारलंत, सुळसुळाट म्हणजे किती. तुम्हाला तर पहिल्या दिवशीच माहीत होतं. एक शब्द बोलला असतात तर माझी काय मोठी नोकरी जाणार होती? आणि गेली असती तर गेली असती.

मला माफ करा असं लिहायला लाज वाटते. लिहीत नाही.

अक्षरा


कोनाळवाडी, ता. देवणी
१० नोव्हेंबर २०२४

चि. अक्षरा,

तुझ्या बहिऱ्या चुलत्याचा आशीर्वाद घे.

दिवाळीत तू येशील म्हणून अव्वानं दार लवकर लावलं न्हाई. बोलली न्हाई ती तसं, पण मला कळतं. तू आली न्हाईस.

तू इचारलंस त्याचं उत्तर मला लई दिवस जमंना. पाच-सहा डाव लिहायला बसलो न उठलो. आता जमंल तसं लिहितो.

तुझे आईबाप बदलीच्या नोकरीत, म्हणून तू दहावीपर्यंत याच ओट्यावर अभ्यास केलास, मृत्युंजयाबरोबर. तो गेल्यावर माझ्या घरचं, गावाला दाखवावं असं तूच एक उरलीस. तराजूमागं तुझं कात्रण लावलं तवा मला काय वाटलं ते कुणाला सांगता येत न्हाई. न चंद्रप्पानं समद्या सभेपुढं इचारलं, अप्पा, बातमी खरी का खोटी? तोंडावर माणसं बघून राहिली. खोटी म्हणालो असतो तर समद्यांनी उद्या म्हटलं असतं, अप्पाची पोर पेपरात खोटं लिहिते. ते मला ऐकवलं नसतं, बहिरा असून. मला वाटलं, शंभूला नेतील, आठ-पंधरा दिसांनी समदं थंड झालं की मी जाऊन सोडवून आणीन. जनावर हाय, समजून घेईल. बस एवढंच. असा हिशेब केला मी. आयुष्यभर दुकान चालवलं, न एवढा हिशेब चुकला.

तवा तू एकटी रडत बसू नको. तुझ्या शब्दानं सुरुवात झाली, पण शेवट माझ्या शब्दानं झाला. तुला निदान ठाऊक नव्हतं काय होईल ते. मला समोर दिसत होतं, न मी बोललो.

त्याच्यानंतर तुला पत्र लिहायची मला भीती वाटाया लागली. खरं सांगतो. पेन हातात घेतलं की वाटायचं, हे लिहिलं तर पेपरात जाईल का? कोथिंबीर सांडली ते लिहिलं न माझा बैल गेला. म्हणून दुकान चालू हाय, बाकी ठीक, एवढंच लिहिलं. तुझ्याशी असं बोलायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं पोरी.

तुझं कात्रण अव्वाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला वाचाया येतंय. मग स्वतः वाचलं. एवढंच म्हणाली, दोन बैलांना आपण जोडी म्हणतो, एवढा सोपा शब्द पोरीला कसा सुचला न्हाई? मग चुलीकडं गेली. माझ्याशी दोन महिन्यांनी बोलली ती एवढंच.

आता एक गोष्ट सांगतो. पाव्हणा परत आला. उसातच राहत होता म्हणे इतके दिस, लई वाळलाय. दिवाळीच्या आधी एक दिवशी सकाळी दारापुढं उभा, शंभू उभा राहायचा तिथं न्हाई हां, तिथून चार पावलं मागं. शंभूची जागा मोकळी सोडून. अव्वानं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आला, लावून घेतलं. असं रोज. मी दुकानातून बघायचो, मला आता कशावर बोलायचा हक्क उरलेला न्हाई.

पाडव्याच्या दिवशी मी दुकानात पूजेला बसलो होतो. अव्वानं पहिली भाकर काढली, पदराखाली धरून बाहेर गेली. शंभूच्या जागेवर जाऊन उभी राहिली. लई वेळ. पाव्हणा हलला न्हाई, बोलावल्याशिवाय तो येतच न्हाई. मग ती म्हणाली, ये. मला ऐकू आलं न्हाई, पण ओठ हलले ते मला दिसले. तो आला. भाकर खाऊन झाल्यावरही ती तशीच उभी होती, हात त्याच्या वाकड्या शिंगावर ठेवून. मग घरात येऊन तिनं चहा ठेवला. दोन कप.

तू ये. अव्वानं सांगितलं न्हाई, पण लाल झूल तिनं धुऊन दोरीवर टाकलीय.

न हे जे लिहिलं, पाव्हण्याचं न अव्वाचं, ते तुला लिहिलंय. छापू नको.

तुझा,
अप्पा